अधिसभा शोभेची नाही

भाऊ, ‘विद्यापीठाची अधिसभा (सिनेट) नुसती शोभेची, सगळं कुलगुरूच ठरवतात’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार कारभार व्यवस्थापन परिषदेच्या हाती असतो, हे खरं. पण अंदाजपत्रक अधिसभेपुढे यावंच लागतं, आणि तिथे पदवीधरांनी निवडून दिलेले 10 सदस्य असतात. आपल्या नागपूर विद्यापीठात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात, म्हणजे पदवीधर कमी नाहीत. अडचण एवढीच की पदवी मिळाली म्हणून कोणी आपोआप मतदार होत नाही, अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं. माझ्या ओळखीत कितीतरी जणांची पदवी फ्रेम करून भिंतीवर आहे, यादीत नाव मात्र नाही! याचं फार वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे, अभ्यासक्रमाची तक्रार घेऊन पोरं थेट कुलगुरूंच्या दालनाबाहेर बसतात. ते काम आधी त्या विषयाच्या अभ्यास मंडळाचं, मग विद्याशाखेचं, शेवटी विद्या परिषदेचं. निकालाच्या गोंधळासाठी परीक्षा व मूल्यमापन मंडळ वेगळं आहे. निवेदनावर योग्य मंडळाचं नाव घाला, पोच घ्या, आणि निवडून दिलेल्या सदस्याला तोच प्रश्न अधिसभेत लेखी मांडायला लावा.