गॉडर्डबाई ‘संपादिका’ की ‘मुद्रक’?

कुरुंद : दिवाळी अंकासाठी मेरी कॅथरीन गॉडर्ड (1738–1816) या बाईंवर लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्याला गाडी अडलीये. बाल्टिमोरचं पहिलं वर्तमानपत्र ‘मेरीलँड जर्नल’ त्यांच्या भावाने, विल्यमने, 1773च्या ऑगस्टात काढलं. हा गृहस्थ एका जागी टिकणारा नव्हे. ब्रिटिशांच्या टपालाला पर्याय उभा करायच्या नादात तो गावोगाव हिंडू लागला आणि 1774मध्ये छापखाना नि पत्र दोन्ही बहिणीच्या गळ्यात आलं. 10 मे 1775पासून अंकाच्या खाली ‘एम. के. गॉडर्ड यांनी प्रसिद्ध केले’ अशी ओळ दिसते. पुढे जानेवारी 1777मध्ये अमेरिकी स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट पहिल्यांदा छापला गेला तो यांच्याच छापखान्यात. त्या कागदाच्या तळाशी मात्र नुसती आद्याक्षरं नाहीत, बाईंचं पूर्ण नाव आहे, आणि त्यांनी तो ‘छापला’ असं लिहिलंय.

आता मराठीत यांना म्हणायचं काय? हात आपोआप ‘संपादिका’कडे जातो, पण या दोन्ही ओळींत संपादनाचा उल्लेखच नाही. ‘मुद्रक’ लिहिलं तर वाचकाला वाटणार, बाई लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायच्या. ‘प्रकाशक’ म्हणजे अर्धंच काम. बरं, स्त्रीलिंगी करावं, तर संपादक-संपादिका, प्रकाशक-प्रकाशिका इथवर ठीक. मुद्रक-मुद्रिका? ती तर मारुतीने अशोकवनात नेऊन दिली!

हातकागद : ‘प्रिंटर’ असंच लिहा की. सगळ्यांना कळतं.

कुरुंद : कळतं ते टेबलावरचं यंत्र. ‘गॉडर्ड या बाल्टिमोरमधल्या प्रिंटर होत्या’ हे वाक्य वाचून माझा भाचा हसला.

जुळारी : खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जमान्यातला माणूस आहे, म्हणून चार शब्द जास्त बोलतो.

त्या काळी अमेरिकेच्या वसाहतींत ‘प्रिंटर’ म्हणजे अख्खं वर्तमानपत्र. वाचक पत्र लिहीत ते ‘संपादक महाशय’ असं नव्हे, तर ‘प्रिंटर’ला उद्देशून. परगावची वर्तमानपत्रं टपालाने आली की त्यातलं काय उचलायचं, कुणाचं पत्र घ्यायचं, कुणाची जाहिरात पुढच्या आठवड्यावर टाकायची, हे सगळं तोच ठरवी. आणि ठरवता ठरवता हात खिळ्यांच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. ते डाव्या हातातल्या पट्टीत एकेक करून बसवायचं. ओळ भरत आली आणि शब्द मावेना की वाक्य तिथल्या तिथे छाटायचं. हे जुळारीकाम की संपादन, तुम्हीच सांगा! आमच्याकडेही जुने जुळारी लेखकाचं विशेषण गुपचूप गाळत, फक्त ते कबूल करत नसत.

छपाई लाकडी हातयंत्रावर. कागद आधी ओलसर करून ठेवायचा, एकाने चामड्याच्या गोळ्यांनी खिळ्यांवर शाई थोपटायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा. एका बाजूला दोन ओढी, मग दुसरी बाजू. त्यात युद्ध सुरू, कागदाचा दुष्काळ. तेव्हा कागद व्हायचा चिंध्यांपासून, म्हणून बाई आपल्याच पत्रातून वाचकांना सांगत, घरातल्या जुन्या चिंध्या आणून द्या. वर्गणीला रोकड नसेल तर लोणी, चरबी, मेण, पीठ, मका, काहीही चालेल असंही छापलं होतं. वर्गणी म्हणून आलेलं लोणी तोलून घेणाऱ्या माणसाला नुसतं ‘संपादिका’ म्हटलं तर तिचं निम्मं आयुष्य गळतं. माझं मत ‘मुद्रक’ला. वाचकाला नसेल कळत तर पुढचं वाक्य खर्च करा.

रेवाक्का : व्याकरणापुरतं बोलते. मराठीत बाईचं नाम करायचे दोन चालू रस्ते. संस्कृतातून आलेलं ‘-इका’ आणि घरचं ‘-ईण’. ‘-ईण’ लावलं की फार वेळा नवऱ्याचा हुद्दा बायकोला चिकटतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, वकिलीणबाई म्हणजे पूर्वी वकीलसाहेबांच्या सौभाग्यवती. गॉडर्डबाई 1775पासून 1789पर्यंत बाल्टिमोरच्या पोस्टमास्तर होत्या. त्यांना ‘पोस्टमास्तरीण’ म्हणालात तर वाचक पोस्टमास्तर शोधत बसेल, आणि बाईंचं तर लग्नच झालं नव्हतं.

तेव्हा नामाला हात लावूच नका. लिंग क्रियापदावर सोडा. ‘मुख्यमंत्री म्हणाल्या’, ‘न्यायमूर्तींनी निकाल दिला, त्या म्हणाल्या’ हे आपण रोज वाचतो, कुणाला खटकत नाही. ‘मुद्रक गॉडर्ड म्हणाल्या’ तसंच चालेल. अंगठीचा प्रश्नच मिटला.

आणि कृपा करून ‘महिला संपादिका’ लिहू नका. ‘-इका’मध्ये बाई आलेली आहे, तिला दोनदा कशाला बोलावायचं?

न्यू जर्सीकर : रेवाक्का, नामाला हात लावू नका हे तुमचं म्हणणं सेरा हेलबाईंनी ऐकलं असतं तर तुमची धडगत नव्हती. इकडे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगची सुट्टी मिळते ना, तिच्यासाठी वर्षानुवर्षं लकडा लावणारी ती हीच बाई. 1863मध्ये लिंकनने जाहीर केल्यावर मग तो दिवस देशभर दरवर्षी पाळला जाऊ लागला. 1822मध्ये नवरा गेला तेव्हा पदरात पाच मुलं. 1828मध्ये बॉस्टनला ‘लेडीज मॅगझिन’ हाती घेतलं. 1837पासून फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’वर बसल्या, त्या 1877पर्यंत. यादवी युद्धाच्या सुमाराला या मासिकाचा खप दीड लाखाच्या घरात होता.

या बाई स्वतःला ‘एडिटर’ म्हणवून घेत नसत. त्यांचा शब्द ‘एडिट्रेस’. बाईने केलेल्या कामाला बाईचं नाव हवं, पुरुषाचं उसनं का घ्यायचं, असा त्यांचा हिशेब, आणि असे स्त्रीलिंगी शब्द रुळावेत म्हणून त्या अंकांतून आग्रह धरत. पण गंमत पुढे आहे. न्यूयॉर्क राज्यात मॅथ्यू व्हॅसरने मुलींसाठी कॉलेज काढलं, नाव ‘व्हॅसर फीमेल कॉलेज’. हेलबाई पेटल्या. ‘फीमेल’ तर जनावरंही असतात, माणसाच्या लेकींच्या शाळेला हे नाव कसलं! पाठपुरावा करून 1867मध्ये तो शब्द काढायला लावला. म्हणजे ‘एडिट्रेस’ हवं, ‘फीमेल’ नको. वरवर उलटसुलट वाटतं, पण आपण ‘बाई’ आणि ‘मादी’ यांत करतो तोच हा फरक.

जुळारी : ‘मादी मुद्रक’ हा शब्द आजपासून बाद. 😄

उंडगा : कुरुंद, लेखात ‘पहिली’ हा शब्द जपून वापरा. गॉडर्डबाईंच्या आधी रांग आहे. दक्षिण कॅरोलिनात चार्ल्सटनला एलिझाबेथ टिमथी. नवरा 1738च्या डिसेंबरात वारला आणि पत्र बंद पडू न देता बाईंनी ‘साउथ कॅरोलिना गॅझेट’ चालवलं. अंकावर नाव मात्र तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं, पीटरचं. बेंजामिन फ्रँकलिन त्या धंद्यात भागीदार. नवऱ्याचे हिशेब कधी धड येत नसत, ही विधवा दर तिमाहीला चोख पाठवते, असं त्याने आत्मचरित्रात कौतुकाने लिहून ठेवलंय. कारणही देतो: बाई हॉलंडात वाढलेली, तिकडे मुलींना जमाखर्च शिकवतात. मग फ्रँकलिनची स्वतःची भावजय अ‍ॅन, तिने 1762मध्ये न्यूपोर्टचं ‘मर्क्युरी’ सांभाळलं. विल्यम्सबर्गला क्लेमेंटिना रिंड, जेफर्सनची 1774ची पुस्तिका छापणारी.

बहुतेकींची वाट एकच, घरचा पुरुष गेला की छापखाना हिच्याकडे. आपल्याकडे तानूबाई बिर्जे ‘दीनबंधु’च्या संपादक झाल्या त्याही पतीच्या निधनानंतर. गॉडर्डबाईंचं वेगळेपण हे, की भाऊ जिवंत आणि ठणठणीत असताना पत्रावर यांचं नाव.

कुरुंद : हा मुद्दा लेखात घेतोच. आई सेरा गॉडर्ड हिनेही त्याआधी प्रॉव्हिडन्सला पोराचं पत्र चालवलं होतं. पोरगा पत्र काढणार आणि घरच्या बायका निस्तरणार, असा खाक्या.

हातकागद : मग मी विरुद्ध बाजू घेतो. नाव बाईंचं, पण संपादक कोण? 1777च्या फेब्रुवारीत ‘टॉम टेल-ट्रुथ’ अशा टोपणनावाने एक उपरोधिक मजकूर आला. ब्रिटिश सेनापतीच्या तहाच्या अटी मान्य करा असा वरवरचा सूर. गावातल्या व्हिग क्लबच्या, म्हणजे कट्टर स्वातंत्र्यवाद्यांच्या, मंडळींना उपरोध कळला नाही. ते लेखकाचं नाव विचारायला आले, तर बाईंनी त्यांना भावाकडे पाठवलं. भावाने नाव सांगितलं नाही, क्लबने त्याला गाव सोडायचं फर्मान काढलं, तो मेरीलँडच्या विधानसभेकडे गेला आणि सभेने त्याची बाजू घेतली. आता सांगा, जबाबदारी कुणाची ठरली?

जुळारी : अंकावर नाव कुणाचं होतं? मंडळी आधी दार ठोठवायला कुणाकडे आली? छापखान्यात उधारीवाला ज्याचं नाव घेऊन ओरडतो तो मालक, आणि वाचक ज्याचं नाव घेऊन ओरडतो तो संपादक.

हातकागद : वाक्य झकास आहे, पण माझी शंका तशीच.

रेवाक्का : हातकागद यांची शंका रास्त आहे. म्हणूनच एक जुना शब्द सुचवते. ‘संपादक’ रुळण्याच्या काळात मराठीत पत्राच्या नावालाच ‘कर्ते’ किंवा ‘कार’ जोडायची पद्धत होती. बाळशास्त्री ‘दर्पणकार’, शिवरामपंत परांजपे ‘काळकर्ते’. ‘संपादन’ म्हणजे मुळात मिळवणं, साधणं. विश्वास संपादन करतो तेव्हा आपण कुठे मजकूर तपासत बसतो! ‘कर्ते’ म्हटलं की लिहिणं, निवडणं, छापणं, वर्गणी वसूल करणं, वेळ पडली तर शिव्या खाणं, सगळं आत येतं. आणि ‘-इका’ची भानगड नाही. सरळ ‘जर्नलकर्त्या मेरी कॅथरीन गॉडर्ड’.

जुळारी : हे आवडलं. माझं मत फिरवतो, फक्त जाहीरनाम्याच्या वाक्यात ‘मुद्रक’च ठेवा. तिथे त्यांनी छापणारी म्हणूनच नाव घातलंय. काँग्रेस, म्हणजे वसाहतींची प्रतिनिधीसभा, तेव्हा फिलाडेल्फिया सोडून बाल्टिमोरला येऊन बसली होती, ब्रिटिश जिंकले असते तर त्या कागदावरचं प्रत्येक नाव राजद्रोहाचा पुरावा. तेव्हा तळाचंही.

उंडगा : आणि त्या प्रतीवर सह्या करणाऱ्यांपैकी टॉमस मॅकीनचं नाव नाही हेही टाका, मुद्रितशोधकांना मजा वाटेल. (खिळा गळाला नव्हता, नावच यादीत नव्हतं.)

कुरुंद : ठरलं. पत्राबद्दल बोलताना ‘जर्नलकर्त्या’, जाहीरनाम्याशी ‘मुद्रक’, टपालाशी ‘पोस्टमास्तर’. आता शेवटची अडचण. 1784च्या सुमाराला भावाने पत्र परत घेतलं, भांडण कोर्टात गेलं. 1789मध्ये पोस्टही गेलं. नवे पोस्टमास्तर जनरल सॅम्युएल ऑसगुड यांच्या बाजूने कारण आलं, की या जागेवरच्या माणसाला आता दक्षिणेकडे बराच प्रवास करावा लागेल, तो बाईला झेपणार नाही. गावातल्या दोनशेंहून जास्त लोकांनी अर्ज केला. बाईंनी थेट राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, त्याने जानेवारी 1790मध्ये ‘मी यात पडणार नाही’ असं कळवलं. लेखात ‘बडतर्फ केले’ लिहू का?

रेवाक्का : नको. ‘बडतर्फ’मध्ये काहीतरी गुन्हा केल्याचा वास येतो. ‘निवृत्त झाल्या’ ही तर थापच. ऑफिसात आपण म्हणतो तसं लिहा, ‘नोकरीवरून कमी केलं’.

न्यू जर्सीकर : ‘कमी केलं’ला अनुमोदन. आणि त्यानंतर वीसेक वर्षं त्यांनी गावातच पुस्तकांचं दुकान चालवलं, तेही घ्या. तिथे ‘दुकानदार’ लिहायला कुणाची हरकत नसावी.

रेवाक्का : नाही. फक्त ‘दुकानदारीण’ नको.