संप नसलेली टाकी, स्किमर आणि ‘समुद्र दाराशी आहे’ हे उत्तर

रत्नागिरीकर

‘संप नसेल तर स्किमरच्या नादी लागू नका, कोकणात राहता, समुद्र दाराशी आहे, दर आठवड्याला पाणी बदला आणि स्वस्थ बसा,’ हा वेंगुर्लेकरांनी एका नवख्या गृहस्थांना दिलेला सल्ला वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. विषय खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा आहे : संप म्हणजे पाणी साफ करण्यासाठी टाकीखाली ठेवायची दुसरी टाकी, आणि स्किमर म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे यंत्र. त्या गृहस्थांचा प्रश्न अगदी नेमका होता : 200 लिटरची टाकी आहे, खाली संपला जागा नाही, तेव्हा मागच्या काचेवर टांगायचा स्किमर घ्यावा की टाकीच्या आत बसणारा? याचे उत्तर कोणीच दिले नाही.

स्किमर नायट्रेट (घाण कुजून शेवटी पाण्यात साठणारे द्रव्य) काढत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून त्यांचा अमोनिया होण्यापूर्वीच त्यांतील बरीच सेंद्रिय द्रव्ये तो बुडबुड्यांना चिकटवून फेसावाटे आपल्या वरच्या कपात आणून टाकतो. शिवाय तो पाण्यात हवा घोळवतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे टाकीचे पाणी 30 अंशांच्या वर जाते, त्यात प्राणवायू कमी मावतो आणि हवा दमट असल्यामुळे पंखा लावूनही ते फारसे निवत नाही; अशा वेळी ही हवा माशांच्या जिवाला आधार असते.

माझे मत टांगायच्या स्किमरला आहे, पण एका अटीवर. संपच्या टाकीत पाणी वरून ओसंडून खाली येते, त्यामुळे तेलकट तवंग आपोआप स्किमरपर्यंत पोहोचतो. टांगलेला स्किमर बहुधा मधल्या थरातून पाणी उचलतो आणि तवंग जागच्या जागी राहतो. म्हणून पृष्ठभागावरून पाणी ओढणारे तोंड ज्याला जोडता येते, तोच घ्यावा. खोक्यावर छापलेल्या लिटरांवर भिस्त ठेवू नये, आणि फार मोठाही घेऊ नये, कारण मासे मोजके असतील तर त्यात फेस धरत नाही.

वेंगुर्लेकर

रत्नागिरीकर, आपले विवेचन वाचून ज्ञानात भर पडली. आता थोडी माझ्याकडूनही घ्या. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील केन फेल्डमन यांनी 2009 मध्ये स्किमरची मोजमापे घेऊन प्रसिद्ध केली, तेव्हा पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण 20 ते 30 टक्केच भाग हे यंत्र काढू शकते, असे दिसले. उरलेल्याचे काय? तो पाणी बदलूनच कमी करावा लागतो.

आपल्या त्या पृष्ठभागावरच्या तोंडाबद्दलही बोलू. संप नसलेल्या टाकीत बाष्पीभवनाने उतरते ती टाकीचीच पातळी. ती थोडी उतरली की ते तोंड हवा ओढू लागते आणि सारी टाकी बारीक बुडबुड्यांनी भरून जाते. माझ्याकडे तर रात्री वीज जाऊन पहाटे परत आली, तेव्हा टांगलेल्या स्किमरचा कप भरून वाहिला आणि खारे पाणी भिंतीवरून थेट विजेच्या बोर्डात उतरले. तेव्हापासून मी पाणी बदलतो आणि माझे मासे सुखात आहेत.

दापोलीकर

वेंगुर्लेकर साहेब, बोर्डाच्या वर स्किमर कोणी टांगायला सांगितला होता? वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचत नाही. आणि घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

विजेविषयी बोलायचे तर आम्हा दापोलीकरांना कोणी शिकवू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर आमच्या भागात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. आमचे शेजारी त्या काळात बॅटरीच्या एअरपंपावर लाकडी एअरस्टोनचा (बारीक बुडबुडे सोडणाऱ्या ‘दगडा’चा) साधा जुना स्किमर चालवीत राहिले, आणि माझ्या स्किमरचा, विजेवर चालणारा सुईदार पंख्याचा दिमाखदार पंप शोभेला होता. हवेवर चालणारा स्किमर टाकीत जागा अडवतो, त्याचा दगड वरचेवर बदलावा लागतो, हे सारे मान्य. पण कोकणात निवड करताना पहिला प्रश्न विजेचा असावा.

मालवणी

मला स्किमरपेक्षा त्या ‘दाराशी असलेल्या समुद्रा’विषयी बोलायचे आहे, कारण हा सल्ला ऐकून पुष्कळांनी मासे मारले आहेत. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळचे पाणी म्हणजे नद्यांनी आणलेला गाळ आणि गोडे पाणी. उघड्या अरबी समुद्राची क्षारता दर हजारी 35 च्या आसपास असते. खाडीच्या तोंडाशी पावसात ती किती खाली येते, हे रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे साधन) लावून पाहा. होडीवाल्याकडून खोल समुद्रातले पाणी मागवावे, तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीच बंद असते. जेट्टीवरून भरले, तर डिझेलचा तवंग पदरात पडतो. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या नोक्टिल्युका या चमकणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे, आणि त्याच्या पेशींमध्ये अमोनिया साठलेला असतो. असे पाणी टाकीत ओतणाऱ्याला मी काय म्हणावे?

वेंगुर्लेकर

मी जेट्टीवरून पाणी भरतो, असे कोठे लिहिले आहे? मी भरतीच्या वेळी, खाडीपासून दूर, खडकाळ किनाऱ्यावर जातो. ते पाणी गाळून झाकलेल्या पिंपांत अंधारात ठेवतो आणि पावसाळ्यापुरता साठा मे महिन्यातच करून ठेवतो. माझ्या वडिलांनी होडी चालवली आहे. समुद्र कधी गढूळ असतो, हे मला मालवणच्या लोकांनी शिकवण्याची गरज नाही.

मालवणी

साठा मे महिन्यात! म्हणजे चार महिन्यांचे पाणी घरात पिंपांतून ठेवायला जागा आहे, आणि संपला मात्र जागा नाही. ज्या गृहस्थांनी प्रश्न विचारला, त्यांच्याकडे पिंपेही नसावीत. त्यांनी मत्स्यटाकीसाठी मिळणारे सागरी मीठ विकत आणून आरओच्या पाण्यात कालवावे, म्हणजे निदान आपण काय ओततो आहोत, हे कळेल.

दापोलीकर

मिठाचा भाव काय आहे, हे आपण पाहिले आहे काय? दर आठवड्याला विकतच्या मिठाने पाणी बदलणे सर्वांना परवडत नाही, आणि नेमके त्याचसाठी स्किमर हवा : दोन बदलांमधले अंतर तो वाढवतो. वडिलांच्या होड्या किनाऱ्याला लावून आपण दोघे मूळ प्रश्नाकडे याल, तर बरे होईल.

रत्नागिरीकर

दापोलीकर ताईंचे म्हणणे रास्त आहे. वेंगुर्लेकरांचा पातळीचा आक्षेप मी मान्य करतो, पण तो आतल्या स्किमरला अधिक लागू पडतो : तो ठरावीक खोलीवरच नीट चालतो, पाणी उतरले की फेस खाली बसतो, पाणी घातले की कप भरतो. टांगलेला थोडा चढउतार सहन करतो. रोज ठरलेल्या खुणेपर्यंत आरओचे पाणी घालावे, समुद्राचे नव्हे, कारण मीठ उडून जात नाही. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की हे काम जवळजवळ उरत नाही.

आणखी एक सांगतो, कारण याच कारणाने कित्येक चांगले स्किमर माळ्यावर गेले आहेत. नवा स्किमर पहिला आठवडाभर नीट फेस देत नाही. टाकीत खोबरेल तेल लावलेला हात घातला, तरी फेस मोडतो. वीज परतल्यावर पंप सुरू झाला नाही, तर तो बिघडला असे न समजता आधी पंपाच्या आतल्या पंख्यावर चढलेला चुन्याचा थर व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा.

वेंगुर्लेकर

ठीक आहे. ज्याच्याकडे पिंपे नाहीत, होडी नाही आणि भरतीची वेळ पाहायला सवड नाही, त्याने खुशाल स्किमर घ्यावा. मात्र तो टांगताना बोर्ड कोठे आहे तेवढे पाहावे, आणि वीज गेल्यावर ती परत येण्याआधी कप रिकामा करून ठेवावा. पहाटे तीन वाजता हे काम करायला रत्नागिरीकर येतीलच.

रत्नागिरीकर

येणार नाही, टायमर पाठवीन. वीज परतल्यावर स्किमर काही मिनिटे उशिरा सुरू होईल असे विलंबाचे साधन इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. ज्यांनी प्रश्न विचारला, त्या गृहस्थांनी आता टाकी आणि भिंत यांच्यामधले अंतर मोजून कळवावे, तसेच काचेची जाडी आणि वरच्या कडेला पट्टी आहे की नाही, हेही लिहावे. मागे जेमतेम चार बोटे जागा असेल, तर टांगायचा स्किमर बसणारच नाही आणि मला नाइलाजाने आतल्या स्किमरची बाजू घ्यावी लागेल.