शब्दचर्चा : गाठ महाशिरेत 'पसरली' की 'शिरली'?

वैदर्भी : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी थोरल्या काकांना शस्त्रक्रियेचा अहवाल समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. उजव्या फुप्फुसातली कर्करोगाची गाठ ऊर्ध्व महाशिरेच्या, म्हणजे डोक्याकडून व हातांकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या भिंतीत गेली आहे आणि भिंतीचा तेवढा भाग गाठीसकट काढून तिथे ठिगळ लावता येईल, असा त्याचा आशय होता. "रोग शिरेत पसरला आहे," असे मी सांगताच काका म्हणाले, "पसरला म्हनता, मंग कापाले कायले नेता?" 'पसरणे' टाळून काय म्हणावे?

शब्दवेध : 'आक्रमण' हा रूढ पारिभाषिक शब्द असताना दुसरा शोधण्याची गरज मला वाटत नाही.

काळीमाती : आक्रमण म्हटल्याने काकांची भीती वाढेल, समज वाढणार नाही. कुंदा या चिवट तणाची मुळी धुऱ्याखालून (बांधाखालून) शेजारच्या वावरात जाते तेव्हा आम्ही 'कुंदा शिरला' म्हणतो. ती मुळी सलग असते, म्हणून खोल खणून काढता येते. गाजरगवताचे बी उडून चार वावरे ओलांडून उगवते, ते पसरणे. गाठीच्या पेशी रक्तातून यकृतात किंवा मेंदूत जातात, तेव्हाच 'पसरला' म्हणावे.

वैदर्भी : हा भेद मला पटला, कारण डॉक्टरांनीही आधी पेटस्कॅन, म्हणजे शरीरभर रोग शोधणारी तपासणी, करून रोग दूर कुठे गेलेला नाही आणि छातीच्या मध्यभागातल्या लसीकाग्रंथींतही (लिम्फ नोड्समध्येही) नाही, याची खात्री केली होती. महाशिरेसारख्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली गाठ टी-४ गटात, म्हणजे गाठीच्या वर्गवारीतल्या सर्वांत पुढच्या गटात, मोडते आणि अशा मोजक्याच रुग्णांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. मात्र संमतिपत्रावर फुप्फुसाचा रोगट भाग कापून काढण्याला 'फुप्फुस विच्छेदन' असे छापले होते. हा शब्द बरोबर आहे का?

शब्दवेध : ते सर्वथा अयोग्य आहे, कारण विच्छेदन म्हटले की लोकांना शवविच्छेदनच आठवते. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांतले पहिले 'छेद्य' आहे. त्यावरून 'छेदन' घ्यावे.

काळीमाती : छेदन म्हणजे गावात भोक पाडणे. 'काढणे' या शब्दात काय उणे आहे?

शब्दवेध : दात काढणे आणि महाशिरेची भिंत काढून पुन्हा शिवणे यांना एकच क्रियापद वापरणे मला मान्य नाही.

काळीमाती : मग 'शिरेसकट काढणे' म्हणा, पण 'नस' म्हणू नका, कारण कंबरेत दबते तीही आमच्याकडे नसच असते.