मदत हवी आहे: अण्णांच्या मानेच्या नसेत प्लाक (भिंतीत साचलेला चरबीचा थर) निघालाय, वेगळा एमआरआय करावा का?

नमस्कार मंडळी,

माझे वडील, वय ६४, उदगीर तालुक्यात शेती. धार काढताना उजव्या हातातून चरवी निसटली, बोलायला गेले तर जीभ जड. तासाभरात सगळं जागेवर आलं. घरचे म्हणाले पित्त असेल, पण मी हट्टानं लातूरला नेलं. मेंदूच्या एमआरआयमध्ये डावीकडे लहान ताजा डाग निघाला. मानेच्या डॉपलरमध्ये (नसांच्या सोनोग्राफीत) डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस, ५५ टक्के अरुंद, 'सॉफ्ट प्लाक' असं लिहिलंय. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरवास्टॅटिन चालू आहे. बीपी आहे, शुगर नाही. तंबाखू कळत्या वयापासून.

फिजिशियन म्हणतात, ७० टक्क्यांच्या खाली आहे, प्लाक काढायचं ऑपरेशन नको, गोळ्या पुरेत. न्यूरोवाले म्हणतात, नुसता टक्का बघू नका. प्लाकच्या आत रक्तस्राव झालाय का ते बघायला मानेचा वेगळा एमआरआय करा. त्यासाठी हैदराबाद सुचवलंय. आज नववा दिवस. अण्णांचं एकच, "हात चालतोय की माझा. सोयाबीनची रास होऊ दे, मग बघू." शेजारचे तर वर्षातून दोनदा रक्त पातळ करायची सलाईन लावा म्हणतात. मला रात्री झोप नाही. ते झोपेत कण्हले तरी उठून हात हलवून बघते.

या एमआरआयनं उपचार खरंच बदलतो का? कुणी केलाय का?

प्रतिसाद

ताई, मी नांदेडला एमआरआय तंत्रज्ञ आहे. डॉपलरमधून वाट किती उरली ते मुख्यतः कळतं. हा एमआरआय भिंतीत काय साचलंय ते दाखवतो. प्लाकमधलं रक्त टी-वन नावाच्या एमआरआय चित्रात पांढरं चमकतं. ते दिसलं, तर त्याच बाजूला पुन्हा मेंदूचा झटका (स्ट्रोक) येण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, टक्का मधला असला तरी.

७० चा आकडा चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नॅसेट या अभ्यासात (१९९८) झटका येऊन गेलेल्या ५० ते ६९ टक्केवाल्यांमध्ये त्याच बाजूचा झटका ५ वर्षांत नुसत्या औषधांवर सुमारे २२ टक्क्यांना आला, ऑपरेशन केलेल्यांत सुमारे १६. फरक मोठा नाही, म्हणूनच इथं प्लाकचा स्वभाव बघून निर्णयाला मदत होते. आणि ऑपरेशन करायचंच ठरलं, तर फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त. राशीपर्यंत थांबू नका.

जाण्याआधी फोन करून 'प्लाकमधल्या रक्तस्रावासाठी कॅरोटिड वॉल' एमआरआय करतात का ते विचारा. एवढ्यापुरतं बहुधा इंजेक्शन लागत नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगा. आत असताना कमीत कमी गिळायला सांगा. गिळलं की चित्र हलतं, आमचे निम्मे फोटो त्यात जातात. ५५ टक्के हा आकडाही सीटी अँजिओवर (नसांच्या सीटी स्कॅनवर) पडताळून घ्या. रिपोर्ट घेऊन थेट व्हॅस्क्युलर सर्जनला (नसांच्या सर्जनला) भेटा. सलाईननं नस मोकळी होत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या किती दिवस ते न्यूरोवाल्यांकडून लिहून घ्या, बरं वाटलं म्हणून एकही बंद करू नका. तंबाखू मात्र आजच सुटायला हवी.

धागाकर्ती

ताई, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. दोन आठवड्यांचं ऐकून गप्प बसले, मग स्वतःच चुलत्यांना फोन करून रास त्यांच्याकडे दिली. परवा पहाटे निघतोय. कॅरोटिडचं ऑपरेशन झालेलं कुणी असेल, तर घरी किती दिवसांनी सोडलं तेवढं सांगा. जनावरांची सोय लावायची आहे.