विधानसभेच्या ठरावात न्यायालय हस्तक्षेप करू शकते का?

प्रश्न: जुलै २०२१ मध्ये तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या अनुपस्थितीत कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून महाराष्ट्र विधानसभेने १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केले, जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. कार्यपद्धतीतील अनियमिततेच्या कारणावरून विधिमंडळाच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे सांगणारा राज्यघटनेतील अनुच्छेद २१२ असताना हे कसे शक्य झाले?

प्रतिसाद १: तो अनुच्छेद केवळ कार्यपद्धतीतील अनियमिततेपुरता आहे. मूळ कृतीच घटनाबाह्य असेल, तर त्याचे संरक्षण मिळत नाही. चालू अधिवेशनापुरते निलंबन सभागृहाच्या अधिकारात होते, त्यापुढचे नव्हते.

प्रतिसाद २: न्यायालयाच्या मते असे निलंबन हकालपट्टीहूनही वाईट ठरते, कारण हकालपट्टीनंतर जागा रिक्त होऊन पोटनिवडणूक तरी होते, इथे मात्र मतदारसंघच वर्षभर प्रतिनिधीविना राहतो. मला हाच मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो.

प्रतिसाद ३: मान्य; पण सभागृहातील शिस्तीचा प्रश्न (तोही खराच) अखेर अध्यक्षांनीच हाताळायचा आहे.