विहिरींवरच्या केबल चोरीला जात आहेत; रात्रीची गस्त आम्हीच सुरू करावी का?

मळेकरी (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. आमचे गाव पैठणच्या डाव्या कालव्यालगतचे, तालुक्याचे ठिकाण आहे. पोलीस ठाणे भर बाजारपेठेत आहे, परंतु त्याच्या हद्दीत कितीतरी खेडी आणि वस्त्या येतात आणि रात्री या सगळ्यांसाठी गस्तीची एकच गाडी फिरते. गेल्या दोन महिन्यांत आमच्या शिवारात अकरा ठिकाणी मोटारींच्या केबल कापून नेल्या आहेत.

माझ्या विहिरीवरची चोरी मला रात्री बारा वाजता कळली. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीला होती आणि गव्हाला पाणी द्यायचे होते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर पत्र्याच्या खोलीचे कुलूप तोडलेले होते, स्टार्टर जागेवर नव्हता आणि विहिरीच्या काठावर केबलचे वीतभर टोक तेवढे लोंबत होते. सकाळी ओढ्यात काळ्या रबराची राख सापडली. आवरण जाळून तांबे काढून नेले होते, आणि जळक्या रबराचा वास तेव्हाही तिथे होता.

ठाण्यात गेलो तेव्हा केबलची किंमत विचारली गेली. जुनी होती म्हणून मी अंदाजाने साडेचार हजार सांगितली. त्यावर ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र गुन्हा नोंदवून मला कागद देण्यात आला, आणि यात तपास होत नसतो असेही सांगण्यात आले. माझ्यासारखेच आणखी तिघांचे झाले. उरलेले सात जण तर ठाण्यात गेलेच नाहीत.

आता गावातील तरुणांनी ठरवले आहे की रोज रात्री काठ्या घेऊन शिवारात फिरायचे आणि अनोळखी माणूस दिसला की धरायचा. गायरानात दरवर्षी काही कुटुंबांची पाले पडतात, त्यांच्याकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बोट दाखवणे सुरू झाले आहे. मुलांचा संताप मला समजतो, कारण तो माझाही आहे. पण हे ज्या दिशेने चालले आहे ते पाहून मला झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तालुका न्यायालयातील वकील:

मळेकरी साहेब, आपल्या लिहिण्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात सांगून गेला आहात, आणि बहुधा ठाण्यातही ती तशीच राहून गेली असावी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हापासून पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र ठरते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. त्यामुळे साडेचार हजार हा आकडा ऐकून एनसी लिहिणाऱ्या अंमलदारांनी निदान त्या आकड्यापुरते कायद्याला धरूनच केले.

परंतु आपली चोरी ‘साधी’ नाही. राहत्या घरातून किंवा मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून झालेल्या चोरीसाठी न्याय संहितेत 305 हे स्वतंत्र कलम आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि पाच हजारांची मर्यादा त्याला लागू नाही. कुलूपबंद खोलीतून स्टार्टर गेला असेल तर हे कलम आणि घरफोडीचे कलम, या दोन्हींचा विचार होणे आवश्यक आहे. शिवाय एकाच प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळे प्रकरण दखलपात्र मानले जाते. म्हणून नव्याने लेखी अर्ज द्यावा आणि त्यात तुटलेले कुलूप, गेलेला स्टार्टर, केबलची लांबी आणि ओढ्यातील राख या सर्वांचा उल्लेख करावा. खरेदीची पावती असल्यास जोडावी. किंमत फुगवून सांगू नये. मात्र स्टार्टरची किंमत वगळण्याचेही काही कारण नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 साली स्पष्ट केलेले आहे. खबरीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्याने नोंद नाकारली तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते आणि तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हा सगळा क्रम दिलेला आहे.

तरुणांच्या बेताविषयी एकच सांगतो, आणि ते त्यांना जरूर वाचून दाखवावे. सामान्य नागरिक दुसऱ्याला अटक करू शकतो ती मुख्यतः आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र असा गुन्हा घडला तरच, आणि तेव्हाही विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. रात्री रस्त्याने चाललेल्या अनोळखी माणसाने कोणताही गुन्हा केलेला नसतो. त्याला अडवून डांबून ठेवले, तर गुन्हा मुलांवर दाखल होईल.

निवृत्त सहायक फौजदार:

वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी ठाण्याच्या आतील बाजू सांगतो, कारण माझी सारी नोकरी बीटवर (म्हणजे अंमलदाराला नेमून दिलेल्या भागात) आणि स्टेशन डायरीसमोर गेली.

ठाण्यात रात्रगस्तीची आखणी होते ती नोंदींवरून. कोणत्या गावच्या हद्दीत काय घडले हे गुन्ह्यांच्या नोंदवहीतून दिसते, त्यावरून बीट अंमलदाराला विचारणा होते आणि दर महिन्याच्या आढावा बैठकीत वरिष्ठ प्रभारी अधिकाऱ्याला जाब विचारतात. आपल्या शिवारात अकरा चोऱ्या झाल्या, परंतु कागदावर चार एनसी आहेत आणि गुन्हा एकही नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला आपले शिवार शांत दिसते, आणि मग गाडी तिकडे कशाला जाईल? जे सात जण ठाण्यात गेलेच नाहीत, त्यांना मी हात जोडून विनंती करतो की त्यांनीही जावे. वेळ मोडतो, तासन् तास बाकावर बसावे लागते, हे मला मान्य आहे आणि त्याबद्दल माझ्याच खात्याला दोष द्यावा लागेल. पण नोंद नाही म्हणजे ठाण्याच्या दृष्टीने घटनाच नाही.

दुसरी गोष्ट. केबल चोरणारा चालू वायरला हात लावत नाही. आपल्या फीडरची (शिवाराला वीज पुरवणाऱ्या वाहिनीची) वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री असते, हे त्याला पक्के ठाऊक असते आणि वीज बंद असलेल्या तासांतच तो कापतो. म्हणून अकराही ठिकाणांची तारीख, फीडरचे नाव आणि त्या दिवशीचे विजेचे तास एका कागदावर मांडावेत आणि तो कागद प्रभारी अधिकाऱ्यांना समक्ष भेटून द्यावा. गस्तीची गाडी एकच असली, तरी ती कोणत्या तासाला कोणत्या रस्त्याने जावी हे त्या कागदावरून ठरवता येते. माझ्या नोकरीत अशा एका साध्या कागदाने जे काम केले, ते कित्येक खबऱ्यांनी केले नाही.

तिसरे म्हणजे तांबे विकले कोठे जाते ते पाहावे. जळालेल्या तांब्यावर काळपट रंग राहतो आणि भंगार घेणाऱ्याला तो ओळखू येतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भंगाराची दुकाने तपासावीत अशी मागणी अर्जातच करावी. स्वतः दुकानावर जाऊन जाब विचारू नये.

गस्त जरूर घालावी, मात्र ग्राम सुरक्षा दल म्हणून, ठाण्याच्या माहितीने. कोण कोणत्या रात्री फिरणार त्यांची यादी बीट अंमलदाराकडे असावी, हातात बॅटरी आणि शिट्टी असावी, आणि संशय आला तर 112 क्रमांकावर फोन करून लांबून नजर ठेवावी. शेजारच्या खेड्यांतील पोलीस पाटलांना सोबत घ्यावे. ठाण्याला खबर देणे हे 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांच्यावर सोपवलेले कामच आहे. गाव आणि हवालदार एकत्र बसले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे साहेबांनी पोलीस आणि रहिवासी यांच्या मोहल्ला समित्या बांधल्या, आणि मुंबई 1992-93 मध्ये पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. भिवंडीचा प्रश्न दंगलीचा होता आणि आपला चोरीचा आहे. तरीही बीटवरचा अंमलदार लोकांना नावानिशी ठाऊक असणे, याचे मोल दोन्हीकडे सारखेच आहे.

गायरानाजवळच्या शाळेतील शिक्षिका:

पालांवरची सहा मुले माझ्या वर्गात बसतात, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी फिरणारी ती माणसे होती, आणि त्यांना मारले गेले ते ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. 16 एप्रिल 2020 रोजी पालघरमधील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक असेच बळी पडले. दोन्ही ठिकाणी आधी अफवा पसरलेली होती आणि समोर अनोळखी माणूस होता. आपल्या ग्रुपवर आज जे लिहिले जात आहे ते वाचताना मला तीच सुरुवात दिसते.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, पण चोरी झाली की आधी पालाकडे पाहण्याची सवय अजून गेलेली नाही. परवा माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले, “बाई, पोलीस आले तर आमचं दप्तर पण नेतील का?” मी तिला नाही म्हणाले, परंतु तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

मळेकरी दादा, आपण जी बैठक घ्याल तिला पालावरच्या दोन वडीलधाऱ्या माणसांनाही बोलवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती माणसे रात्री उघड्यावर झोपतात. कालव्याच्या रस्त्याने कोणती गाडी कधी गेली हे त्यांच्याइतके कोणाला दिसणार? आजवर त्यांना कोणी साक्षीदार म्हणून विचारलेलेच नाही.

मळेकरी:

आपणा तिघांचे मनापासून आभार. काल वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे नवा अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. तुटलेले कुलूप मी टाकून दिले नव्हते, तेही पिशवीत घालून नेले. अडीच तास थांबावे लागले, परंतु शेवटी गुन्हा नोंदवला गेला आणि प्रत हातात मिळाली. आज सकाळी बीट अंमलदार पंचनाम्यासाठी विहिरीवर येऊन गेले. काकांनी सांगितलेला कागद तयार केला, तेव्हा अकरापैकी नऊ चोऱ्या एकाच फीडरवर, वीज बंद असतानाच्या निघाल्या. तो कागद सोमवारी प्रभारी अधिकाऱ्यांना देणार आहोत. उरलेल्या सातांपैकी पाच जण अर्ज द्यायला तयार झाले आहेत.

मुलांची समजूत पूर्णपणे पटलेली नाही. दोघे-तिघे अजून काठीवर अडून आहेत. बैठक रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर ठेवली आहे आणि बाईंनी सुचवल्याप्रमाणे गायरानात जाऊन मी स्वतः निरोप दिला. तिथल्या एका आजोबांनी आधी विचारले की बैठकीला पोलीसही असणार का. बीट अंमलदार असतील, पण चौकशीसाठी नाही, असे मी सांगितल्यावर ते येतो म्हणाले.

काका, आपल्याला जमले तर आपणही यावे. पत्ता व्यक्तिगत संदेशाने कळवतो.