डॅशची चीर बुजवू नका, डॅश काढाच

दादा, तुमच्या पोर्श ९४४ गाडीच्या डॅशला, म्हणजे डॅशबोर्डला, काचेजवळ चिरा पडल्यात, एम-सील भरून वर कव्हर चिकटवू का, असं विचारलंत. नका चिकटवू. मी इथे रामबागेत आधी तेच केलं. मे महिन्यात गाडी उन्हात राहिली आणि भरलेल्या जागेच्या अगदी शेजारून नवी चीर गेली. उन्हाने रेक्झिनमधला मऊपणा उडून जातो, ते आकसतं, आणि खालचा फोम पिवळा भुगा होतो. बोट लावलं की पिठासारखा हाताला येतो. त्यावर कडक एम-सील टिकणार कशाच्या आधारावर?

दुसरा डॅश शोधताना आधी गाडीचं साल बघा. १९८५ च्या मध्यात या गाडीचा डॅश पूर्ण बदलला. आधीचा चपटा, पोर्शच्याच ९२४ गाडीसारखा, नंतरचा गोलसर. एकाच्या जागी दुसरा सरळ बसत नाही, तेव्हा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह आधी. एअरबॅग असेल तर त्यानंतर थोडं थांबूनच स्टिअरिंगला हात लावा. मग मीटर, मग डॅश. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी लावा, स्क्रू अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. आणि काचेखालची हवेची तोंडं कापडाने बंद करा हो! माझा एक नट आत पडला, तो काढण्यात अख्खा रविवार गेला.

जुना डॅश फेकू नका. रेक्झिन सोलून, फोम नव्याने भरून तो पुन्हा मढवता येतो. सीट कव्हरवाल्याला द्यायचा तर त्याने आधी केलेला एखादा डॅश उन्हात नेऊन बघा, कोपऱ्यात फुगे दिसले तर दुसरा कारागीर गाठा.